डॅशच्या आणि बंपरच्या प्लास्टिकला स्वच्छ गोल भोक कसं पाडायचं?

वळणवाट

नमस्कार मंडळी,

गाडी २०१५ची हॅचबॅक. दोन कामं आहेत. गिअरच्या पुढच्या कन्सोल पॅनलमध्ये गोल यूएसबी चार्जर बसवायचाय, त्याला २८.५ मिमीचं भोक लागतं. आणि मागच्या बंपरला चार रिव्हर्स सेन्सर लावायचेत. त्या किटमध्ये २२ मिमीचा होल सॉ (कडेला दात असलेली, गोल भोक कापणारी वाटी) दिलेला आहे.

पॅनल सोडवून टेबलावर आणलंय. व्हर्नियरने जाडी २.६ मिमी, मागे 'एबीएस' (कडक प्लास्टिकचा एक प्रकार) असा ठसा, वरून बारीक दाणेदार. बंपरच्या आतल्या अंगाला 'पीपी+ईपीडीएम-टीडी१५' असं उमटवलंय, बाहेरून चंदेरी रंग. ड्रिल मशीन १० मिमी चकाचं (ड्रिल पकडणाऱ्या जबड्याचं), बटण दाबू तसा वेग, मिनिटाला जास्तीत जास्त २८०० फेरे, उलटंसुलटं दोन्ही फिरतं.

भंगारातल्या एबीएसच्या तुकड्यावर किटमधला होल सॉ चालवून पाहिला तर तीन दोष दिसले. कडेला वितळलेल्या प्लास्टिकची गुठळी जमली. टेकवताक्षणी सॉ घसरला आणि वर अर्धचंद्रासारखे ओरखडे उठले. आरपार होताना मागच्या कडेचा टवका उडाला. तिन्हींची कारणं वेगळी असणार, म्हणून एकेक समजून घ्यायचंय. शिवाय २८.५चा होल सॉ दुकानात मिळत नाहीये, २८ किंवा २९ आहे. स्टेप बिट (पायऱ्यापायऱ्यांनी रुंद होत जाणारा, शंकूच्या आकाराचा ड्रिल) चालेल का? आणि बंपर बाहेरून कापायचा की आतून?

अर्धगोल_कानस

आधी गुठळीचं बघू, कारण बाकीचे बरेच त्रास तिथूनच सुरू होतात.

२२ मिमी सॉचा घेर ६९ मिमी. २८०० फेऱ्यांना दाताचं टोक मिनिटाला जवळजवळ १९३ मीटर धावतं. ३०० फेऱ्यांना तेच २१ मीटर होतं. लोखंडात घासून निर्माण झालेली उष्णता पत्र्यात पसरून जाते, प्लास्टिकमध्ये ती जागच्या जागी साठते. एबीएस १०५ अंशांच्या आसपास मऊ पडतं, म्हणजे उकळत्या पाण्यापेक्षा जेमतेम जास्त. त्यात होल सॉची चर बंदिस्त असते. कापलेला चुरा दातांच्या मधल्या खाचेत अडकतो, तिथेच घासला जातो, वितळतो आणि मग दात कापायचे थांबून नुसते घासत राहतात. गुठळी म्हणजे तोच चुरा परत चिकटलेला.

म्हणून वेग २५० ते ४००च्या मध्ये. बटणावर बोट स्थिर राहत नसेल तर बटणावरचं चाक फिरवून कमाल वेग बांधून घ्या. तीन-चार सेकंद कापा, सॉ पूर्ण बाहेर काढा, जुन्या टूथब्रशने दात झाडा, परत आत. चुऱ्याकडे लक्ष ठेवा. एबीएसचा चुरा कोरडा, रव्यासारखा पडत असेल तर ठीक. शेवयांसारखे मऊ धागे यायला लागले की थांबा, सॉला बोट लावून बघा, गरम लागला तर निवू द्या. २.६ मिमीला एवढं सांभाळून दोन मिनिटंसुद्धा लागत नाहीत.

आता घसरण्याबद्दल. सॉ घसरतो कारण मधला पायलट ड्रिल प्लास्टिकमध्ये नीट धरण्याआधी बाहेरचे दात टेकतात, किंवा पायलटनेच भोक ढिलं करून ठेवलेलं असतं. पायलटचं भोक वेगळं पाडून घ्या. वर मास्किंग टेपचे दोन थर, त्यावर पेन्सिलीने फुली आणि कर्कटकाने २८.५चं वर्तुळ. फुलीवर टोच्या हाताने दाबून खळगा करा. सेंटर पंचावर हातोडी मारू नका, एबीएसला तिथून चांदणीसारखी तडा जाते. मग ३ मिमी आणि त्यानंतर पायलटच्याच मापाचा, बहुधा ६ मिमी, ड्रिल. शक्य असेल तर पायलट काढून उलटा बसवा, म्हणजे गुळगुळीत दांडा खाली. दांडा भोकात नुसता फिरतो, भोक रुंदावत नाही आणि सॉ एका जागी राहतो. हा बदल छोटा वाटतो, पण ओरखडे जवळजवळ नाहीसे होतात.

आणि पहिले पाच-सात फेरे मशीन उलटं फिरवा. उलट्या दिशेला दातांची पाठ लागते, ती प्लास्टिक उचकटत नाही, खरवडते. वरच्या कातडीत अर्ध्या मिमीची नेटकी चर पडते आणि मग सुलट दिशेला दात त्या चरीतच राहतात. एक काळजी मात्र घ्या: सॉ आर्बरवर (सॉ धरणाऱ्या दांड्यावर) आट्यांनी बसणारा असेल आणि त्याला अडकवणाऱ्या पिना नसतील तर उलट्या फिरण्याने तो सुटू शकतो. आधी पान्याने घट्ट करा आणि हलक्या हाताने टेकवा. किटमधले सॉ बहुतेक अखंड असतात, त्यांना ही भीती नाही.

तिसरा दोष, मागचा टवका. शेवटचा अर्धा मिमी उरतो तेव्हा तो दाबाखाली वाकतो आणि कापला जाण्याऐवजी तुटतो. त्याला मागून आधार द्यायचा. १२ मिमी प्लायचा तुकडा सी क्लँपने घट्ट आवळा, क्लँपच्या जबड्याखाली रबराचा तुकडा ठेवा, नाहीतर दाणेदार पृष्ठभागावर जबड्याचा ठसा कायमचा उमटतो. आता बहुतेक पॅनलच्या पाठीवर उभ्या बरगड्या असतात आणि प्लाय त्यांच्यावर टेकतो, भोकाच्या जागी पोकळीच राहते. तुमच्या पॅनलला तसं असेल तर भोकाभोवती साधारण ४० मिमी व्यासात बरगड्या धारदार छिन्नीने पाठीसपाट करून घ्या. त्या तशाही काढाव्याच लागतील, कारण चार्जरची मागची चकती सपाट जागेवरच बसते. चकती अर्धी बरगडीवर आणि अर्धी हवेत राहिली तर आवळताना चार्जर तिरका होतो.

स्टेप बिट हवाच असेल तर ४ ते ३२ मिमीचा घ्या, २-२ मिमीच्या पायऱ्यांचा. २८ची पायरी मिळते, उरलेला अर्धा मिमी कानशीने. तीन मिमीपर्यंतच्या एबीएसला माझ्या मते होल सॉपेक्षा स्टेप बिट बरा. कारण तो एका वेळी कडेचा १ मिमीच खातो, चुरा मोकळा पडतो, आणि सरळ खाचेचा असेल तर खाली ओढत नाही. मळसूत्री खाचेचा घेऊ नका, तो शेवटच्या क्षणी स्वतःला आत खेचतो. दोन गोष्टी तपासा. एका पायरीची उंची पॅनलच्या जाडीपेक्षा जास्त हवी, नाहीतर एक पायरी संपायच्या आत पुढची लागते आणि भोक निमुळतं होतं. आणि २८च्या पायरीच्या वरच्या काठाला मार्करने ठळक रेघ मारा. ३०त शिरायला एक सेकंद पुरतो आणि ३०च्या भोकाला परतीचा रस्ता नाही.

२८चं २८.५ करण्यासाठी कानशीपेक्षाही सोपं काही आहे. पाऊण इंची पांढऱ्या पीव्हीसी पाइपचा बाहेरचा व्यास सुमारे २६.७ मिमी असतो. त्यावर १२० नंबरचा पॉलिश पेपर एक वेढा गुंडाळून टेपने चिकटवा आणि भोकात फिरवा. कड गोल राहते, कानशीने पडणारे सपाट पैलू पडत नाहीत. पाच-सहा फेऱ्यांनी चार्जर लावून बघत जा. शेवटी २४० नंबर.

चौथा_गिअर

एवढ्या खटाटोपाची गरज आहे का? सोल्डरिंग आयर्न तापवून वर्तुळावर फिरवलं की पाच मिनिटांत भोक तयार. वरून चार्जरची कड झाकतेच.

अर्धगोल_कानस

चौथा_गिअर, कड झाकते ती दोन-अडीच मिमी. आयर्नने वितळलेलं प्लास्टिक कुठे जात नाही, दोन्ही बाजूंना सरकून वरंबा होतो. समोरचा वरंबा चार्जरच्या कडेखाली येतो, कड पॅनलवर टेकत नाही आणि चहूबाजूंनी फट दिसते. तो वरंबा कापून काढायला गेलं की आसपासचा दाणेदार पोत चकचकीत झालेला असतो, तो परत येत नाही. माप तर हातात राहतच नाही. शिवाय एबीएस तापल्यावर स्टायरीनचा धूर निघतो, डोळे आणि घसा दोन्ही झोंबतात. बंद गाडीत तर नकोच. तापवलेल्या सळईचंही तेच.

बंपर_टू_बंपर

बंपरचं मी सांगते. एबीएसचे सगळे नियम इथे तसेच लागू होत नाहीत.

तुमच्या ठशात पीपी म्हणजे पॉलीप्रॉपिलीन, ईपीडीएम म्हणजे त्यात मिसळलेलं रबर, टीडी१५ म्हणजे १५ टक्के टाल्कची पूड. हे मिश्रण चिवट आहे, तडकत नाही, म्हणून टवक्याची भीती फार नाही. त्रास उलटा आहे. ते तुटत नाही, ताणलं जातं. कडेला लोकरीसारखी लव सुटते. ही लव पॉलिश पेपरने घासू नका, जितकी घासाल तितकी वाढते. पेपर कटरचं नवं कोरं पातं ४५ अंशांत धरून, सफरचंदाची साल काढतात तशी कडेने एका दमात फिरवा.

बाहेरून आतच कापायचं. पीपीला रंग मुळात धरत नाही, कारखान्यात खास प्रायमर मारून तो बसवलेला असतो. आतून बाहेर कापलं तर दात रंगाला मागून ढकलतात आणि भोकाभोवती नखाएवढे पापुद्रे निघतात. बाहेरून कापताना दात रंगाला प्लास्टिकवर दाबतात. वर अर्धगोल_कानस यांनी सांगितलेलं उलट फिरवणं इथे सगळ्यात कामाचं आहे. टेपवर सॉ उलटा फिरवत रंग आणि प्रायमर दोन्ही पूर्ण कापले जाऊन खाली काळं-करडं प्लास्टिक दिसेपर्यंत थांबू नका. त्यानंतरच सुलट. टेप काढताना भोकाच्या कडेपासून बाहेर ओढू नका. बाहेरच्या टोकाकडून, टेप स्वतःवरच दुमडत, भोकाकडे या.

पण सॉ हातात घेण्याआधी जागा ठरवा, कारण चुकलेलं भोक बंपरवर लपत नाही. उंची किटच्या कागदावर असते, साधारणपणे जमिनीपासून ५० ते ७० सेंमी. ५०च्या खाली गेलात की सेन्सरला रस्ताच अडथळा वाटतो आणि रिकाम्या जागेतही बीप वाजत राहतं. गाडी सपाट फरशीवर, टायरमध्ये नेहमीची हवा, डिकी रिकामी. चारही बिंदूंची उंची बंपरच्या कडेवरून घेऊ नका, बंपर वक्र असतो. प्रत्येक बिंदू जमिनीवरून गुण्या उभा करून मोजा. टोकाचे दोन सेन्सर कोपऱ्याचं वळण सुरू होण्याच्या जरा आत ठेवा, मधले दोन उरलेल्या अंतराचे तीन समान भाग करून. नंबरप्लेट किंवा तिचा दिवा एखाद्या सेन्सरच्या समोर येत नाही ना, हे बघा. मागे जास्तीचा टायर किंवा टोइंगचा हूक असेल तर तोही सेन्सरला दिसतो.

मग आतून. बंपरच्या मागे लोखंडी बीम असतो. सेन्सरची मान आणि वायरचं वळण मिळून तीनएक सेंमी मोकळी जागा लागते. बऱ्याच गाड्यांत बीम नेमका मधल्या दोन सेन्सरांच्या रेषेत येतो. खालून हात घालून किंवा लांब तार वाकवून अंतर मोजा. नाहीतर पायलट ड्रिल बीमवर आदळतो, टोक बोथट होतं आणि सेन्सर आत जातच नाही. बंपर उतरवता आला तर उत्तमच, सगळं टेबलावर होतं. अंगावरच कापायचा असेल तर पायलटवर रबरी नळीचा तुकडा चढवून खोली बांधून घ्या.

सॉ बंपरच्या पृष्ठभागाला काटकोनात धरा, जमिनीला समांतर नव्हे. भोक पृष्ठभागाला तिरकं झालं तर सेन्सरची कड एका बाजूने उचललेली राहते. बंपरच वर-खाली कललेला असेल तर किटमधली तिरकी रिंग वापरा, भोक तिरकं करून कल साधू नका.

बसवताना सेन्सरच्या मधल्या गोलावर अंगठा दाबायचा नाही. तीच पातळ चकती सेकंदाला सुमारे ४० हजार वेळा कंप पावून आवाज सोडते आणि परत ऐकते. दाब कडेच्या रिंगवर द्या, पाठीवरचा बाण वर. घरी स्प्रेने रंगवणार असाल तर एकच पातळ हात, जाड थराने चकती बहिरी होते.

जाता जाता, १ जुलै २०१९ पासून नव्या गाड्यांना मागचे सेन्सर कारखान्यातूनच सक्तीचे झालेत. त्याआधीच्या गाड्यांचे काही बंपर मात्र आतून सेन्सरच्या जागी पातळ वर्तुळ उमटवलेले येतात, कारण वरच्या मॉडेलला तोच साचा वापरलेला असतो. उजेड मागून टाकून बघा. वर्तुळ सापडलं तर उंची, अंतर आणि बीम या तिन्हींचा हिशेब कारखान्याने आधीच केलेला आहे. अशा वेळी आतून त्या वर्तुळाच्या मध्यावर फक्त २ मिमीचं भोक पाडा आणि मोठं भोक बाहेरूनच कापा.

गुण्या

कोणी अजून बोललं नाही म्हणून लिहितो. कन्सोल पॅनल सोडवून काढलंय ते बरं केलंत. गाडीत बसवलेलं असताना तिथे ड्रिल घालू नका. एअरबॅगचा कंट्रोल डबा बहुतेक गाड्यांत मधल्या बोगद्यावर, कन्सोलच्या खालीच बसवलेला असतो. पिवळ्या आवरणाच्या वायरी आणि पिवळे कनेक्टर दिसले की ते एअरबॅगचं आहे, त्यांना टॅप करायचं नाही, सोडवायचं नाही, मल्टिमीटरही लावायचा नाही.

डाव्या बाजूच्या डॅशवर, स्टीअरिंगच्या मधल्या पॅडवर आणि पडद्याच्या (बाजूच्या काचांवर वरून उघडणाऱ्या) एअरबॅगा असतील तर समोरच्या काचेशेजारच्या खांबाच्या कव्हरवर भोक पाडायचं नाही. ट्वीटर (छोटा स्पीकर) बसवायला लोक त्या खांबाच्या कव्हरला हमखास भोक पाडतात. पडदा उघडताना ते कव्हर ठरावीक रेषेवर वाकावं किंवा सुटावं असं बनवलेलं असतं. भोक पाडलं की ते कुठे तुटेल आणि तुकडा कुठे उडेल ते सांगता येत नाही. ट्वीटर दरवाजाच्या आरशामागच्या त्रिकोणात बसवा.

पॅनलच्या मागे एसीची नळी आणि वायरिंग कुठून जातं तेही बघा. चार्जर टर्मिनलसकट ५० ते ६० मिमी खोल जातो. पॅनल परत जागेवर धरून, भोकाच्या मध्याला पाडलेल्या ३ मिमीच्या छिद्रातून तार आत सारून खोली मोजता येते. मोठं भोक पाडण्याआधी एवढं कराच.

डबलडेकर

या धाग्यातच विचारतो. माझ्या पॅनलला आधीच २० मिमीचं गोल भोक आहे, जुन्या बटणाचं. ते २९ करायचंय. पायलटला धरायला प्लास्टिकच नाही. आणि शेजारी एक चौकोनी स्विच बसवायचाय, कापाचं माप ३७ बाय २१. जिगसॉने चौकोन कापला तर मागे प्लास्टिक परत जुळून येतं.

अर्धगोल_कानस

भोक मोठं करायचं तर ९ मिमी प्लायमध्ये आधी २९चं भोक पाडा. तो प्लाय पॅनलच्या समोरून दुतर्फी टेपने आणि दोन क्लँपने बसवा, प्लायचं भोक नेमकं नव्या वर्तुळावर. मग पायलट काढून टाकून सॉ त्या प्लायच्या भोकातून खाली न्या. प्लायच्या भिंती सॉला धरून ठेवतात. या पद्धतीचा आणखी एक फायदा असा की नव्या भोकाचा मध्य जुन्यापेक्षा दोन-तीन मिमी सरकवायचा असेल तरी चालतं. भोक मध्यावरच मोठं करायचं असेल तर स्टेप बिट आणि शेवटी पाइपवरचा पेपर, बस्स.

चौकोनाला जिगसॉ नको. त्याचं पातं एकाच फटीत वर-खाली घासतं, फट तापते आणि पातं पुढे सरकल्यावर मागे वितळून बंद होते. कटिंग डिस्क लावलेलं छोटं रोटरी मशीन त्याहून वाईट, २०-३० हजार फेऱ्यांना एबीएसचा डिंक होतो.

चारही कोपऱ्यांत, रेषेच्या आत, ३ मिमीची भोकं पाडा. ही नुसती पातं घालायची सोय नाही. काटकोनी तीक्ष्ण कोपऱ्यातून एबीएसला तडा जाते, गोल कोपरा ती अडवतो. मग भोकाकडून भोकाकडे, स्टीलपट्टी धरून, अॅक्रिलिक कापायच्या आकड्यासारख्या कटरने समोरून चर ओढा. पहिले तीन-चार हात नुसते वजनाने, दाब न देता, कारण पातं भरकटतं ते पहिल्याच हाताला. साधारण निम्मी जाडी गेली की ३२ दाती हॅकसॉ ब्लेडचा तुकडा, एका टोकाला चिकटपट्टी गुंडाळून हातात धरा आणि रेषेच्या १ मिमी आतून कापा. उरलेला मिमी सपाट कानशीने. कानस पुढे जाताना दाबा, मागे येताना उचला, आणि समोरून मागे अशाच दिशेला चालवा, म्हणजे बर (कडेची खरखरीत धार) निघालीच तर पाठीला निघेल.

३७ बाय २१ हे पॅकेटवरचं माप आहे. स्विच हातात घेऊन व्हर्नियरने मान मोजा. या स्विचना दोन बाजूंना लवचिक पाकळ्या असतात, त्या पॅनलच्या पाठीला अडकून पकडतात. कापाची रुंदी अर्धा मिमी जास्त झाली तरी पाकळी धरत नाही आणि दाबल्यावर स्विच आत जातो. पाकळीची बाजू मापाच्या खालीच ठेवा आणि शेवटची कानस स्विच घालून बघत मारा.

बंपर_टू_बंपर

त्याच ओघात मऊ डॅश आणि कापडी डोअरपॅडचंही सांगून ठेवते, कारण तिथे हे सगळं फसतं. मऊ डॅशमध्ये वर कातडी, खाली फोम आणि त्याखाली कडक प्लास्टिक असतं. सॉ थेट टेकवला तर कातडी दातांत अडकून गुंडाळली जाते आणि भोकाच्या बाहेर पाच-सहा सेंमीपर्यंत सुरकुती पडते. आधी नव्या पात्याने कातडी आणि फोम, सॉच्या व्यासापेक्षा १ मिमी मोठ्या वर्तुळात कापून चकती उचलून काढा. मगच खालच्या प्लास्टिकला सॉ लावा. कापडाचंही तसंच. कापडाचा एक धागा जरी ड्रिलभोवती गुंडाळला गेला तरी तो पूर्ण पॅडवर ओळ उसवत जातो. कापल्यावर कापडाच्या कडेला पातळ फेविकॉलचं बोट फिरवून वाळू द्या.

वळणवाट

सगळ्यांचे मनापासून आभार. भंगारातल्या तुकड्यावर पुन्हा दोन भोकं पाडली. स्टेप बिटने २८, मग पाइपवर १२० नंबर. व्हर्नियरला २८.५५ भरलं, कड कोरडी, गुठळी नाही. होल सॉचं मात्र २२ऐवजी २२.४ येतंय. सेन्सर बसतो पण बोटाने फिरतो. हे चालेल का?

आणि शेवटची शंका. चार्जरच्या मागची चकती आवळताना अख्खा चार्जर गोल फिरतो, समोरची अक्षरं तिरकी होतात.

बंपर_टू_बंपर

फिरता कामा नये. बाण वर राहिला नाही तर सेन्सरचा आडवा-उभा झोत बदलतो आणि तो जमीन पकडायला लागतो. ०.४ मिमीची वाढ सॉ चकात वाकडा फिरल्यामुळे येते. चकात पुन्हा पकडताना तिन्ही भोकांत चावी घालून आवळा. सॉ हवेत हळू फिरवून दातांची टोकं एका जागी स्थिर धरलेल्या पेन्सिलीशी जुळतात का बघा. तरी डगमगत असेल तर सॉची दांडीच वाकडी आहे, तो बंपरला लावू नका, चांगला २२चा वेगळा घ्या. आणि पुढची चाचणी पीपीवरच घ्या, जुनी प्लास्टिकची बादली चालेल. एबीएसवर आलेलं माप पीपीवर तसंच येत नाही. पीपी कापल्यावर किंचित आत येतं, त्यामुळे तेच भोक थोडं घट्ट मिळू शकतं.

अर्धगोल_कानस

चार्जरच्या मानेवर, कडेच्या लगेच मागे, एक उंचवटा किंवा सपाट बाजू आहे का बघा. असेल तर ती फिरू नये म्हणूनच दिलेली असते. उंचवटा असेल तर भोकाच्या बरोबर खालच्या बिंदूला, सहा वाजता, सुईकानशीने तेवढीच खाच करा. २ मिमी रुंद आणि दीड मिमी खोल पुरते, पण तुमच्या चार्जरचं माप घेऊनच. सपाट बाजू असेल तर भोक पूर्ण गोल करायचंच नव्हतं, तेवढा भाग ठेवायचा होता. मूळ पॅनल अजून कापलेलं नाही, तेव्हा वर्तुळ काढतानाच ती सपाट रेघही काढून घ्या. स्टेप बिट तिथे पूर्ण मापापर्यंत चालणार नाही, २६पर्यंत बिट आणि उरलेलं अर्धगोल कानशीने.

दोन्ही नसेल तर चकती आणि पॅनलच्या मध्ये सायकलच्या ट्यूबचा वॉशर कापून घाला. चकती हातानेच आवळा, पक्कड लावू नका, त्या प्लास्टिकच्या आट्या अर्ध्या फेऱ्यात घसरतात.